तीन कणसांचं खापर

१

मंगळवारी सकाळी पावणेनऊला पहारेकरी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात झाडू, आणि तोंडचं पाणी पळालेलं.

"ताई, कणसं गेली."

"कुठली कणसं?"

"आपली. मडक्यावरची."

मी पेन खाली ठेवलं. तीन कणसं ठाऊक नाहीत असं पोर आमच्या देशात सापडायचं नाही. नाण्यावर तीच, पासपोर्टवर तीच, शाळेच्या सदऱ्याच्या खिशावर तीच, टपालगाडीच्या दारावरही तीच. आणि ही सगळी आली तळहाताएवढ्या एका खापरावरून. चाळीस वर्षांपूर्वी नदीच्या अलीकडच्या काठावर एक थडगं सापडलं, त्यात बाराशे वर्षांपूर्वीचं मडकं होतं, आणि मडक्याच्या पोटावर एका गोलात ही तीन कणसं उमटवलेली होती. तेव्हापासून चौथीच्या पुस्तकात पहिला धडा ठरलेला: इथे नांगर आधी आपल्या लोकांनी धरला, 'पलीकडचे' आले तीनशे वर्षांनी.

त्या मडक्याखालची पाटी माझ्याच हातची. संग्रहालयात जे काही असेल ते पन्नास शब्दांत सांगायचं, हा माझा वीस वर्षांचा धंदा. म्हणून मला सगळे चिठ्ठीबाई म्हणतात. माझं कुणाशी वैर नाही, फक्त विशेषणांशी आहे. 'थोर', 'प्राचीन', 'गौरवशाली' दिसलं की माझं पेन आपोआप फुली मारतं.

मी खाली दालनात गेले. काचेची पेटी बंद, कुलूप शाबूत, काचेला चरा नाही. आत मडकं आपल्या जागी उभं. एक सुती कापड पेटीच्या तळाशी घसरून पडलेलं. आणि मडक्याच्या पोटात तळहाताएवढं भोक. कुणी फोडलेलं नव्हतं. आजूबाजूची एक ठिकरीसुद्धा हलली नव्हती. ते खापर तेवढं अलगद उतरवून घेतलं होतं.

"पोलिसांना कळवलं?"

"साहेब म्हणाले, आधी ताईंना बोलव."

२

संचालकसाहेब म्हणजे माझा धाकटा मावसभाऊ. ऑफिसात मी त्याला साहेब म्हणते, घरी बाळ्या. लहानपणी त्याच्या हरवलेल्या गोट्या मीच शोधून द्यायचे, आणि तेव्हापासून त्याची समजूत आहे की जगातली हरवलेली प्रत्येक वस्तू माझ्या नजरेच्या टप्प्यात असते.

खोलीत मंत्रालयाचे सल्लागारही बसले होते. शनिवारी नव्या दालनाचं उद्घाटन होतं, मंत्री यायचे होते, आणि चौथीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती हेच गृहस्थ लिहीत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला असा माणूस.

"किल्ली रात्रभर कुणाकडे होती? जोडणीवालीकडे. ती कुठली? पलीकडची. आता आणखी काय शोधायचंय?"

"ती इथे जन्मली," मी म्हटलं.

"आजोबा तर पलीकडचे ना!"

बाळ्याने मला हकिकत सांगितली. सोमवारी संग्रहालय बंद असतं. दुपारी दोनला पेटी उघडली, कारण नव्या दालनाच्या फलकासाठी नकाशेकाकांना मडक्याचं चित्र काढायचं होतं. काका म्हणजे आमचे जुने चित्रकार, वय एक्क्याऐंशी, निवृत्त होऊनही अडलं की येणारे. पाचला काका गेले. फुटक्या भांड्यांची जोडणी करणाऱ्या बाईंनी पेटी बंद केली, आणि कारकून लवकर निघून गेल्यामुळे किल्ली घरी नेली. सकाळी खापर गायब.

"आणि बुधवारी मातीचे नमुने घ्यायचे होते," बाळ्या कपाळ चोळत म्हणाला. "मडक्याच्या प्रत्येक तुकड्याची चिमूटभर माती प्रयोगशाळेत पाठवणार होतो. मडकं इथल्याच मातीचं आहे हे एकदा शास्त्राने सिद्ध झालं की झालं."

"मी विरोध केला होता," सल्लागार म्हणाले. "आईकडे कुणी जन्मदाखला मागतं का?"

बाळ्याने टेबलावरचा एक कागद माझ्याकडे सरकवला. जोडणीवालीच्या निलंबनाचं पत्र. टाइप झालेलं होतं, फक्त सही बाकी होती.

"गुरुवारी संध्याकाळपर्यंत खापर मिळालं नाही तर मला सही करावी लागेल, ताई. आणि पोलिसांत नाव द्यावं लागेल. तिचंच."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. चोर सापडला नाही तर चालेल, पण पत्र वेळेवर तयार पाहिजे, अशी आमच्याकडची शिस्त.

३

जोडणीवाली आपल्या खोलीत वाटीचे तुकडे वाळूच्या तबकात उभे करत होती. जोड सुकेपर्यंत तुकडा हलू नये म्हणून वाळूत रोवून ठेवतात. डोळे सुजलेले होते.

"मावशी, तुम्हीही तेच विचारायला आलात?"

"मी पेटी कशी बंद केलीस ते विचारायला आले."

"काकांनी मडक्यावर कापड टाकलं होतं. म्हणाले, पोरी, कापड काढू नकोस, माझ्या खुणा पुसतील. मी कापडासकट काच लावली, कुलूप घातलं." ती थांबली. "बघायला हवं होतं. तीच माझी चूक."

"कणसं तेव्हा जागेवर होती की नाही, तुला माहीत नाही?"

"नाही. आणि हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा सल्लागार हसले."

मी मडक्याची फाइल मागितली. जुन्या जोडणीकाराच्या अक्षरात लिहिलं होतं की सगळे जोड स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या चिकटद्रव्याचे आहेत. त्याखाली नऊ वर्षं, दर सहा महिन्यांनी, जोडणीवालीची सही: 'जोड तपासले. पक्के.'

"आतून कधी बघितलंस?"

"तोंड केवढंसं आहे, मावशी! माझी दोन बोटंही जात नाहीत. आणि सोडवून पुन्हा जोडायला परवानगी कोण देणार? राष्ट्राचं मडकं आहे ते."

खिडकीत एका पिशवीत शाळेचे खिसे होते, प्रत्येकावर अर्धी भरलेली तीन कणसं. तिची आई शाळांसाठी हे भरतकाम करते, आणि दोऱ्याचा रंग जुळवायचा झाला की लेकीकडे पाठवते.

"माझी लेक परवा आजीला विचारत होती, ही कणसं आपली आहेत का," ती म्हणाली. "आई म्हणाली, दोरा आपला आहे."

मी फाइल मिटून तिला परत दिली.

"हे काम गेलं तर मला दुसरीकडे कोण ठेवेल? चोर म्हणून बाहेर पडलेल्या जोडणीवालीच्या हातात कोण भांडं देईल? मला दुसरं काही येत नाही, मावशी. आणि मला दुसरं काही करायचंही नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने काही सुटत नाही हे मला ठाऊक होतं, पण ठेवला.

४

पहारेकऱ्याला मी पायरीवर गाठलं. त्याला वाटत होतं की आपण जोडणीवालीच्या विरुद्ध साक्ष देतोय.

"तिच्या त्या बाटल्या, ताई! तिने बूच उघडलं की मला दोन खोल्या पलीकडे शिंका येतात. डोळे झोंबतात."

"आज पेटीजवळ पहिला कोण गेला?"

"मीच. कापड घसरलेलं दिसलं म्हणून काचेला नाक लावून बघितलं. मग साहेबांनी पेटी उघडली तेव्हाही मी तिथेच."

"शिंकलास?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं. "नाही."

"बंद पेटीत स्पिरिटचा वास रात्रभर कोंडून राहिला असता."

"राहिला असता खरा," तो हळूच म्हणाला.

"काल दुपारी दालनात कोण कोण होतं?"

"काका होते, एकटे. मी दाराशी. सल्लागारसाहेब चारला दारातून डोकावून गेले." मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो रुसल्यासारखा झाला. "काका थर्मास घेऊन आले होते. पण चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, म्हातारपणी माणूस चिकट होतो."

मी पुन्हा मडक्यापाशी गेले. पेटी उघडून घेतली. मडकं ज्या लाकडी ठोकळ्यावर ठेवलं होतं त्यावर पाण्याचा एक फिकट डाग होता. भोकाच्या कडेला पिवळसर काहीतरी वाळलं होतं. मी बोट ओलं करून तिथे टेकवलं. बोट चिकटलं. हुंगून बघितलं, तर सुताराच्या सरसाचा वास. फाइलमध्ये लिहिलेलं चिकटद्रव्य पाण्याने सुटत नाही. सरस मात्र कोमट पाण्याने सुटतो.

म्हणजे सगळं मडकं एका चिकटद्रव्याने जोडलेलं होतं आणि हे एकच खापर दुसऱ्याने. फाइलवर विसंबणारा माणूस स्पिरिट आणून बसला असता. हे खापर काढणाऱ्याला फाइलची गरज नव्हती. कारण ते बसवलं होतं त्यानेच.

५

बुधवारी मी ग्रंथालयातून त्या उत्खननाचा अहवाल काढला. मडक्याचं चित्र काढायची एक रीत असते. एका बाजूला मडकं बाहेरून जसं दिसतं तसं. दुसऱ्या बाजूला मधोमध कापल्यासारखं, आणि त्या कापात भिंतीची जाडी काळ्या शाईने भरलेली. कणसांचं ते चित्र मी हजारदा बघितलं होतं. काळा पट्टा एकदाही बघितला नव्हता.

तो पट्टा गळ्यापासून एकसारखा जाड येत होता. पोटापाशी, नेमका कणसांच्या उंचीवर, एकदम बारीक होत होता. मग पुन्हा जाड. मी पट्टी लावली: आठ मिलिमीटर, पाच, पुन्हा आठ. असं मडकं कुठलाही कुंभार करत नाही. एका मडक्यात दुसऱ्याचं खापर बसवलं तरच असं दिसतं.

खाली कोपऱ्यात चित्रकाराची सही होती. नकाशेकाकांची.

मी पुस्तक मिटून बसले. माझं काकांवर प्रेम आहे. मी इथे नवीन असताना पट्टी कशी धरायची इथपासून त्यांनी मला शिकवलं. ज्याने चाळीस वर्षांपूर्वी खोटं बसवलं, त्यानेच त्याच महिन्यात चित्रात खरं काढून ठेवलं होतं, सगळ्या देशाच्या डोळ्यांसमोर. आम्ही सगळे कणसंच बघत राहिलो.

पण खापर कुठे होतं? काकांच्या घराची झडती घ्यायची कल्पनासुद्धा मला सहन होईना. मग विचार केला, हा माणूस आयुष्यभर प्रत्येक वस्तूला नंबर देत आला आहे. त्याला वस्तू लपवता येईल का? त्याला ती फक्त जागच्या जागी ठेवता येईल.

मी तळघरातल्या कोठारात गेले आणि त्याच हंगामातली तबकं एकेक करून ओढायला लागले. सत्ताविसावं तबक पलीकडच्या काठावरच्या एका थडग्याचं होतं. कधी न जोडलेल्या मडक्याचे तुकडे होते त्यात. आणि मधोमध, स्वच्छ पुसलेली, तीन कणसं. सोबत नवी चिठ्ठी होती, काकांच्या तिरक्या अक्षरात: नंबर, थडगं, आणि सोमवारची तारीख.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी तबक होतं तसंच आत सरकवलं. कारण खापर सापडलं होतं, आणि ते ज्या तबकात सापडलं, ते तबक म्हणजे खापर हरवण्यापेक्षा फार मोठं संकट होतं.

६

गुरुवारी चारला बाळ्याच्या खोलीत सगळे जमलो. टेबलावर मडकं, बाजूला झाकलेलं तबक. काकांना मी स्वतः घेऊन आले होते. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "उशीर केलास गं."

मी सगळं क्रमाने सांगितलं. न आलेली शिंक, ठोकळ्यावरचा डाग, सरस, न विचारलेला चहा. "थर्मासमध्ये चहा नव्हता. गरम पाणी होतं. कापसाने ते दोन तास जोडावर धरलं की सरस सुटतो. मग वर कापड टाकलं, आणि घरी जाताना खापर कोठारात ठेवलं." शेवटी अहवालातलं चित्र उघडून काळा पट्टा दाखवला, आणि तबकावरचं झाकण काढलं.

सल्लागार खुर्चीतून अर्धे उठले. जोडणीवाली काकांकडे बघत राहिली.

"तुम्ही?"

"मांजर होतं," काका म्हणाले.

"मांजर?" बाळ्या म्हणाला.

"उत्खननाच्या छावणीत दोन्ही काठांवरची खापरं धुऊन एकाच पडवीत वाळत ठेवायचो. तबकांवरून एक मांजर गेलं. पाचसहा तुकडे खाली पडले. मी नजरेने ओळखून परत ठेवले. चित्र काढताना जाडी मोजली तेव्हा कळलं, हा तुकडा या मडक्याचा नाही. उत्खननाचे प्रमुख आमचे थोरले सर, त्यांना सांगितलं. तोपर्यंत कणसांची बातमी छापून आली होती. सर म्हणाले, बसतंय ना? मग बसव. परवा पाहुणे यायचेत. जोडणीकार तयार होईना. मग मी बसवलं. फटीत सरस भरला, वरून माती चोळली. सर माझे गुरू होते, रे बाबा. आणि नंतर ते नाण्यावर आलं. नाण्यावर आल्यावर कुणाला सांगायचं?"

"मग आताच का काढलंत?" बाळ्याने विचारलं.

"माती तपासणार होता ना तुम्ही? प्रयोगशाळा सांगणार होती, हा तुकडा परका आहे. मग तुम्ही फाइल उघडली असती. शेवटची सही कुणाची?" त्यांनी जोडणीवालीकडे बोट दाखवलं. "म्हणाला असतात, पलीकडच्या बाईने बदलला. हिच्या डोक्यावर खापर फुटू नये म्हणून मी ते काढून घेतलं."

"आणि तरी ते हिच्याच डोक्यावर फुटलं," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्याहून कडक निघाला. "तीन दिवस, काका!"

"मी घरी बसून वाट बघत होतो. मडक्याला शेवटचा हात माझा, चिठ्ठीवर अक्षर माझं. म्हटलं, पहिला प्रश्न मलाच विचारतील, मग सांगून टाकू. फोन उचलायचो नि ठेवायचो." त्यांनी आमच्या एकेकाकडे बघितलं. "कुणी मला विचारलंच नाही."

काका आमचे होते. त्यांना कोण विचारणार?

जोडणीवालीने तबक पुढे ओढलं, दोन तुकडे उचलले आणि कणसांचं खापर त्यांच्यामध्ये धरलं. 'टक' असा बारीक आवाज झाला. फट नाही, सरस नाही, काही नाही. तुकडा आपल्या मडक्यात बसला.

"वा!" सल्लागार म्हणाले. "म्हणजे आता तुम्ही लोक म्हणणार, कणसं आमची!"

"ज्याने मडकं केलं त्याला विचारा," ती शांतपणे म्हणाली. "त्याला तुम्हीही ठाऊक नव्हता आणि मीही नव्हते." मग ती काकांजवळ गेली, खाली बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. "मला सांगायचं होतंत, काका. मी ओरडले असते, पण तुमच्याबरोबर आले असते."

म्हातारा रडला. मीही चष्मा पुसला.

सल्लागारांनी घसा खाकरला. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये. खापर मिळालंय. बाईंनी ते आज पुन्हा चिकटवावं, पत्र फाडून टाकू, नमुने रद्द करू. शनिवारी उद्घाटन. सगळ्यांचंच भलं."

बाळ्या जोडणीवालीकडे न बघता म्हणाला, "तुमची नोकरी राहील. कुणी काही बोलणार नाही. लावून टाका."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"लावते, साहेब."

तिने फाइल उघडली आणि तिथेच टेबलावर लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: "'तुकडा या मडक्याचा नाही. पलीकडच्या काठावरच्या थडग्यातल्या मडक्याचा आहे, जुळवून पाहिला. संचालकांच्या आदेशावरून येथे बसवला.' तारीख घातली. ही माझी सही. इथे तुमची लागेल. आदेश असला की आदेश देणाऱ्याची सही लागते, नियम आहे."

तिने पेन पुढे केलं. बाळ्याने ते घेतलं. नोंद एकदा वाचली, पुन्हा वाचली.

"ही फाइल वाचणार कोण?" सल्लागार चिडून म्हणाले. "करा सही!"

"माझ्यानंतरची जोडणीवाली वाचेल," ती म्हणाली.

"कधी?"

"चाळीस वर्षांनी वाचेल. तेवढी वर्षं कशी जातात ते काकांना विचारा."

बाळ्याने काकांकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली होती आणि दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. मी माझ्या भावाला पन्नास वर्षं ओळखते. तो शूर नाही. खेळात गोट्या हरला, की हरवल्या म्हणून सांगायचा. मला वाटलं, हा सही करणार.

त्याने पेनला टोपण लावलं. निलंबनाचं पत्र उचलून चार तुकडे केले आणि मंत्रालयाला फोन लावला. सल्लागार त्याचा हात धरायला पुढे झाले, पण मधे टेबल होतं, आणि टेबलावर मडकं.

पलीकडून कोण काय बोलत होतं ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. बाळ्याचंच बोलणं कळत होतं.

"हो, साहेब... खापर मिळालं... नाही, चोरी नव्हती." तो थांबला. त्याने जोडणीवालीकडे बघितलं, या तीन दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं. "चूक होती. जुनी. नाही, साहेब, पलीकडच्या कुणाचीही नाही. आमची."